पॉल व्हाइटमन: जॅझचा राजा की जॅझचा मुकादम?

तबकडीवेडा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

परवा भाचा आला होता, क्लॅरिनेट शिकतो. म्हणाला मामा हे ऐक, आणि मोबाईलवर लावलं. आधी खालच्या सुरावर नुसती थरथर, मग तो सूर वर चढायला लागतो, पण पायऱ्या पायऱ्यांनी नाही, घसरगुंडीवरून कोणी उलटं वर ओढत नेल्यासारखा, मांजर जांभई देताना आवाज काढतं ना तसा. म्हणाला सरांनी सांगितलंय दोन वर्षं याला हात लावायचा नाही. अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विनच्या ऱ्हॅप्सडी इन ब्लूची ही सुरुवात. गर्श्विनने कागदावर साधे सतरा सुटे सूर लिहिले होते, एकामागून एक चढणारे. रॉस गॉर्मन नावाच्या वादकाने तालमीत गंमत म्हणून ते चिकटवून घसरत नेले, गर्श्विन म्हणाला हेच ठेव, आणि शंभर वर्षं तेच चाललंय.

गर्श्विन सगळ्यांना माहीत. पण ज्याने हे काम त्याच्या गळ्यात मारलं, चाळीस दिवसांच्या आत करून घेतलं, हॉल घेतला आणि वर स्वतःच्या खिशातले सात हजार डॉलर घालवले तो, 'जॅझचा राजा' म्हणवला गेलेला बँडवाला पॉल व्हाइटमन आज कोणाच्या खिजगणतीत नाही. नाव निघालंच तर शिव्या घालायला निघतं.

जन्म १८९०, डेन्व्हर. वडील तिथल्या शाळांच्या संगीत विभागाचे प्रमुख, कडक माणूस. रियाजासाठी पोराला आईच्या शिवणाच्या खोलीत कोंडायचे आणि पोराने एकदा व्हायोलिन शिलाई मशीनवर आपटून फोडलं असं सांगतात. पुढे तोच पोरगा व्हायोला वाजवत डेन्व्हरच्या आणि मग सॅन फ्रान्सिस्कोच्या सिंफनीत बसला. तिथे बार्बरी कोस्टच्या गुत्त्यांमध्ये जॅझ कानावर पडलं आणि डोकंच फिरलं. एका जॅझ बँडमध्ये लागला तर तिथून लवकरच हाकलला, कारण याला जॅझ वाजवताच येईना! हे त्याने स्वतःच सांगितलंय. मला वाटतं सगळी मेख इथेच आहे. ज्याला मनाने उत्स्फूर्त वाजवता येत नाही तो काय करणार, लिहून काढणार आणि ज्यांना येतं त्यांना पगारावर ठेवणार.

पहिल्या महायुद्धात नौदलाचा बँड चालवला, मग हॉटेलांत स्वतःचा. पियानोवर फर्डी ग्रोफे भेटला, हा अरेंजर माणूस, कोणता सूर कोणत्या वाद्याला द्यायचा ते कागदावर मांडणारा. १९२० ला व्हिक्टर कंपनीसाठी "व्हिस्परिंग" ही तबकडी केली, ती दहा लाखांच्या वर खपली. रेडिओ अजून घरात यायचा होता तेव्हाची गोष्ट आहे ही, म्हणजे लोकांनी दुकानात जाऊन रोख पैसे मोजून घेतलेल्या प्रती. १९२२ पर्यंत ईस्ट कोस्टवर याच्या हाताखाली २८ बँड होते. २८! वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर कमाई. जाडजूड देह, गोल गरगरीत चेहरा, वर बारीक मिशी, हनुवटीखाली अजून एक हनुवटी. हे व्यंगचित्रच त्याचा ट्रेडमार्क झालं, बटाट्याला मिशी काढल्यासारखं. कोलंबियाने १९२८ ला त्याच्या तबकड्यांच्या लेबलवर तेच छापलं.

आणि रेडिओ. ४ जानेवारी १९२८ ला डॉज मोटार कंपनीने एक कार्यक्रम केला. विल रॉजर्स कॅलिफोर्नियात आपल्या घरातून बोलतोय, अल जॉल्सन न्यू ऑर्लिन्सहून गातोय, फ्रेड स्टोन शिकागोतून आणि व्हाइटमनचा बँड न्यूयॉर्कमधून. चार टोकं टेलिफोनच्या तारांनी जोडलेली, सगळा देश एकाच वेळी ऐकतोय. आपल्या मुंबई केंद्राला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते (जुलै १९२७). पुढच्या वर्षी ओल्ड गोल्ड सिगारेटवाल्यांनी त्याला दर मंगळवारचा तास दिला आणि बँडला त्यांच्याच नावाच्या खास रेल्वेने कॅलिफोर्नियाला नेलं, वाटेत गावोगाव थांबून वाजवत. १९३३ पासून क्राफ्ट चीजवाल्यांचा कार्यक्रम.

तर माझं म्हणणं असं की हा राजाबिजा नव्हता, मुकादम होता. ऊसतोडीला कसं उचल देऊन टोळी बांधतात, कोणाचा हात कुठे चालतो ते मुकादमाला नीट ठाऊक असतं, स्वतः कोयता धरत नाही. तसा. आणि मुकादम म्हणून याच्या तोडीचा दुसरा झाला नाही. बोला आता.

चहाबाज

आडनाव व्हाइटमन आणि पदवी जॅझचा राजा. नियतीला पण विनोदबुद्धी आहे म्हणायची 😄

कडूजहर

लेख छान पण इतक्या प्रेमाने लिहायचं कारण नाही. किंग ऑलिव्हरच्या बँडने १९२३ ला इंडियानातल्या रिचमंडला तबकड्या केल्या, त्यात तरणाबांड लुई आर्मस्ट्राँग दुसऱ्या कॉर्नेटवर (ट्रंपेटचा धाकटा भाऊ). ते ऐका आणि मग त्याच वर्षीचा व्हाइटमन ऐका. एकीकडे उकळता रस्सा आणि दुसरीकडे साबुदाण्याची पेज. ज्या कृष्णवर्णीयांनी हे संगीत जन्माला घातलं ते मागच्या दाराने हॉटेलात शिरणार, त्याच हॉटेलात हा पुढच्या दाराने येऊन राजा होणार.

आणि ऱ्हॅप्सडी पहिल्यांदा जिथे वाजली त्या १९२४ च्या न्यूयॉर्कमधल्या एओलियन हॉलच्या कार्यक्रमाची सुरुवात कशाने केली ते धागाकर्त्याने सोयीस्करपणे गाळलंय. लिव्हरी स्टेबल ब्लूज. मुद्दाम गावठी, घोड्याच्या खिंकाळण्यासकट, बघा आधी हे कसं ओबडधोबड होतं आणि आता आम्ही ते किती सभ्य केलंय. पाहुण्यांसमोर गावाकडच्या आजीची नक्कल करून हशा मिळवायचा प्रकार. याला मुकादम पण म्हणू नका, दलाल म्हणा.

तबकडीवेडा

@कडूजहर, लिव्हरी स्टेबलचं मान्य, गाळायला नको होतं. त्या दिवसाबद्दल अजून सांगतो. १२ फेब्रुवारी, लिंकनचा जन्मदिवस, बाहेर बर्फ. समोर बसलेत कोण तर राखमानिनोव्ह, हायफेट्झ, क्राइस्लर, सूसा, सगळे त्या काळचे बडे संगीतकार आणि वादक. कार्यक्रमाचं नाव "आधुनिक संगीतातला एक प्रयोग". एकामागून एक तुकडे, २६ का काय, हवा खेळती ठेवायची यंत्रणा बिघडलेली, लोक घामाघूम आणि चुळबुळ सुरू, काही उठायच्या बेतात. ऱ्हॅप्सडी शेवटून दुसरी. आणि मग ती जांभई. पियानोवर गर्श्विन स्वतः, काही पानांवर पियानोचे सूर लिहिलेलेच नव्हते कारण वेळच मिळाला नव्हता, ग्रोफेच्या स्कोअरमध्ये तिथे वाट पाहा, मान हलवली की सुरू करा एवढंच.

गर्श्विनला तर या कामाची धड आठवणही नव्हती म्हणतात, ४ जानेवारीच्या पेपरात भावाने वाचून दाखवलं की जॉर्ज गर्श्विन व्हाइटमनसाठी जॅझ कॉन्चेर्तो लिहितोय. लग्नाची पत्रिका छापून झाली आणि नवरदेवाला नंतर कळलं.

कृष्णवर्णीयांबद्दल म्हणाल तर वर्णभेदाच्या त्या काळात त्याने मंचावर त्यांना बसवलं नाही हे खरंच. पण विल्यम ग्रँट स्टिल, डॉन रेडमन यांच्याकडून अरेंजमेंट घेतल्या, पैसे मोजून. आणि एक मजेशीर योगायोग, जिमी लन्सफर्ड हा पुढे मोठा झालेला कृष्णवर्णीय बँडलीडर, तो डेन्व्हरमध्ये शिकला कोणाकडे, तर व्हाइटमनच्या वडिलांकडेच.

कडूजहर

नाव कागदाच्या मागच्या बाजूला आणि फोटो लेबलवर बटाट्याचा. माझा मुद्दा तोच आहे ना. असो. लन्सफर्डचं माहीत नव्हतं, त्याबद्दल धन्यवाद.

बीडकर_दादा

मला जॅझमधलं ओ की ठो कळत नाही पण मुकादम शब्द दिसला म्हणून आत आलो. आमच्या घरात दोन पिढ्या टोळीवर गेल्यात म्हणून विचारतो, हा तुमचा व्हाइटमन माणूस आजारी पडल्यावर काय करायचा? कारण मुकादमाची खरी ओळख तिथं होते. आमच्याकडं खाडा केला की पैसे कापतात, उचल अंगावर फिरते ती वेगळीच.

निशाचर

@बीडकर_दादा, काय नेमका प्रश्न विचारलात. याचं उत्तर आहे, आणि त्या उत्तराचं नाव बिक्स बायडरबेक.

आयोवातला पोरगा, कॉर्नेट वाजवायचा. त्याचा सूर म्हणजे घंटेवर हलकेच टिचकी मारल्यासारखा, कुठे ओरडणं नाही. जीन गोल्डकेटचा बँड मोडला तेव्हा १९२७ च्या ऑक्टोबरात व्हाइटमनने त्याला आणि सॅक्सोफोनवाल्या फ्रँकी ट्रमबाउरला उचललं. आठवड्याला दोनशे डॉलर, त्या काळात. लिहिलेली पानंच्या पानं, त्यात मध्येच थोडीशी मोकळी जागा, तिथे बिक्स उभा राहणार, वाजवणार आणि परत बसणार. पन्नास वर्षं लोक भांडतायत की व्हाइटमनने त्याला कोंडलं की सांभाळलं. मी सांभाळलं वाला आहे.

कारण दारू. दारूबंदीच्या काळातली भेसळीची. १९२८ च्या नोव्हेंबरात क्लीव्हलंडला तो पार कोसळला. व्हाइटमनने त्याला विश्रांतीला पाठवलं आणि पगार चालू ठेवला. १९२९ मध्ये पुन्हा कोसळला, गावी डॅव्हनपोर्टला गेला, तेव्हाही काही काळ पैसे जात होते. खुर्ची त्याची होती. तो काही नीट परतला नाही, ऑगस्ट १९३१ ला गेला, वय २८.

त्यामुळे दादा, खाडा कापला नाही.

बीडकर_दादा

मग मुकादम नका म्हणू त्याला. दुसरा शब्द शोधा.

जुनीपेटी

+१ दादांना. मला वाटतं नाटक कंपनीचा मालक हा शब्द बसतो. गंधर्व मंडळी आठवा, काळही तोच, १९१३ ते ३४. गाद्यागिरद्या, अत्तर, पंगती, साथीला ऑर्गन, आणि कर्ज डोक्यावर असताना पण नटांचं नीट करायचं. इकडे बोलपट आले आणि मंडळ्या बसल्या. व्हाइटमन मात्र रेडिओवर उडी मारून वाचला, हा फरक.

फक्त नारायणराव (बालगंधर्व) स्वतः गायचे. हा नुसता उभा राहून मान डोलवायचा म्हणे 😀

कलिना_पार_सांताक्रूझ

मला ग्रोफेबद्दल बोलायचंय. आमचे मामा स्टुडिओत व्हायोलिन वाजवायचे, मूळ म्हापशाचे. गोव्यातल्या चर्चच्या शाळेत पोरांना नोटेशन शिकवायचे त्यामुळे ही मंडळी मुंबईत येऊन हॉटेलांत जॅझ आणि दिवसा फिल्मचं रेकॉर्डिंग अशी दुहेरी नोकरी करायची. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट, हे सगळे त्यातले. संगीतकार पेटीवर चाल गुणगुणणार, आणि चाळीस माणसांनी काय वाजवायचं ते रात्री बसून कागदावर उतरवणार अरेंजर. सकाळी स्टँडवर पानं, शाईचा वास, कोणीतरी खोडरबर मागतोय. मामा म्हणायचे चाल त्यांची, भिंती आमच्या. पडद्यावर नाव मात्र चालवाल्याचंच मोठं.

ऱ्हॅप्सडी पण अशीच आहे. गर्श्विनने दोन पियानोंसाठी लिहिलं, वाद्यांना वाटून दिलं ग्रोफेने, तेही माणूस बघून. गॉर्मनला काय काय वाजवता येतं ते ठाऊक होतं म्हणून त्याच्या पानावर तसं. ४ फेब्रुवारीला काम संपलं, कार्यक्रम १२ ला. ग्रोफेने नंतर स्वतःच्या नावाने ग्रँड कॅनियनवरचा सूट (एका विषयावरच्या तुकड्यांची मालिका) केला, १९३१ ला, तोही वाजवला व्हाइटमननेच. म्हणजे अरेंजरचं नाव मोठ्या अक्षरात आलं एकदाचं. मामांना हे कळलं असतं तर एक पेग जास्त घेतला असता.

आगाऊ_पोर

कोणी गायक बिंग क्रॉस्बीचं सांगतच नाहीये!! अहो याच बँडमधून निघाला तो. १९२६ ला हा आणि त्याचा मित्र अल रिंकर यांना व्हाइटमनने उचललं, मग हॅरी बॅरिस जोडला, ऱ्हिदम बॉइज. तोवर बँडचा गायक म्हणजे वादकांपैकीच कोणीतरी उठून दोन ओळी म्हणायचा, फक्त गाण्यासाठी पगारी माणूस ठेवणं हीच नवलाई होती. १९२९ ला मिल्ड्रेड बेलीला घेतलं, मोठ्या बँडमध्ये कायम नोकरीवर असलेली पहिली गायिका तीच समजतात.

तर १९२९ ला युनिव्हर्सलने यांच्यावर सिनेमा काढला, किंग ऑफ जॅझ. सगळे रेल्वेने हॉलिवूडला पोचले तर काय, गोष्टच तयार नाही! महिनोन्महिने बँड भरपगारी बसून, रेडिओचा कार्यक्रम तेवढा करायचा. परत न्यूयॉर्कला गेले, परत आले. यात बिंगने दारू पिऊन गाडी ठोकली. जजसमोर उलट बोलला, साठ दिवसांची शिक्षा. दिवसा पोलीस बरोबर घेऊन शूटिंगला, रात्री परत कोठडीत. पण त्याला एकट्याला मिळालेलं मोठं गाणं हातचं गेलं, ते जॉन बोल्सला दिलं. आणि १९३० ला सिनेमा आला तोवर लोकांना असल्या नाचगाण्याच्या सिनेमांचा कंटाळा आलेला, वर मंदी. आपटला.

पण रंगीत आहे हां, दोन रंगांच्या टेक्निकलरमधला, अख्खा लालसर-निळसर, आणि सुरुवातीला वॉल्टर लँट्झचं कार्टून, व्हाइटमन आफ्रिकेत सिंहाची शिकार करतोय. (कडूजहर भाऊ तुम्ही बघू नका, बीपी वाढेल.) २०१६ मध्ये दुरुस्त प्रत आली, जरूर बघा.

कडूजहर

बघितलंय. बीपी वाढलं. पण व्हायोलिनवाल्यांची गंमत आवडली, खोटं कशाला बोलू.

जर्सीकर

मी इकडे न्यू जर्सीत, वीस वर्षं झाली. व्हाइटमनचं शेतघर इथेच होतं, डेलावेअर नदीच्या जवळ, वॉकिंग हॉर्स फार्म नाव. शेवटी नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात डॉयल्सटाउनला गेला, डिसेंबर १९६७, वय ७७. कबर यूइंगच्या जुन्या चर्चच्या आवारात आहे, ट्रेंटनच्या बाजूला.

या धाग्यानंतर शनिवारी गाडी तिकडे वळवली, बायको म्हणाली मंडईला निघालो होतो ना आपण. पाऊस होता, कोणी नव्हतं, मी, छत्री आणि एक खार. मोबाईलवर हळू आवाजात ती क्लॅरिनेट लावली, खार पळाली. बायको गाडीतच बसली. परत आल्यावर तिने विचारलं कोण होता हा, म्हटलं बीडच्या एका माणसाने विचारलं म्हणून बघायला आलो.

त्याचा सगळा कागदपत्रांचा, अरेंजमेंटचा साठा मॅसॅच्युसेट्समध्ये विल्यम्स कॉलेजला आहे. उन्हाळ्यात जमलं तर जाईन.

तारीख_पे_तारीख

वकील आहे, म्हणून माझ्या वाटणीचं सांगतो. कॉपीराइट शिकलेल्या माणसाला व्हाइटमन हे नाव संगीतामुळे नाही, एका खटल्यामुळे माहीत असतं.

त्या काळी तबकडीवर छापलेलं असायचं, रेडिओवर वाजवायला परवानगी नाही. पण न्यूयॉर्कचं एक रेडिओ केंद्र बाजारातून तबकडी विकत आणायचं आणि खुशाल लावायचं. व्हाइटमनचं म्हणणं साधं होतं, लोकांना माझा बँड पाऊण डॉलरच्या तबकडीवर फुकट ऐकू येणार असेल तर रेडिओचे प्रायोजक मला आठवड्याचे पैसे कशाला देतील? गंमत म्हणजे रेकॉर्ड कंपनी आरसीए पण भांडत होती, की हक्क व्हाइटमनचा नाही, आमचा. १९४० ला न्यायाधीश लर्नेड हँड यांनी दोघांनाही वाटेला लावलं. तबकडी विकली की तुमचा हक्क संपला, लेबलवरची पाटी ही नुसती पाटी. सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायलाच घेतलं नाही.

परिणाम बघा, रेडिओवर माणसं बसवून बँड वाजवायची गरजच उरली नाही, एक माणूस आणि तबकड्यांची चळत पुरे. अमेरिकेत आजही एएम-एफएमवर गाणं वाजलं तर गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला दमडी नाही.

निशाचर

वकीलसाहेब, याचा पुढचा अंक तर लय भारी आहे. १९४३ ला तो ब्लू नेटवर्कचा संगीत संचालक झाला, जे पुढे एबीसी झालं. आणि १९४७ ला एबीसीवर रोज दुपारी तबकड्या लावून मध्ये मध्ये गप्पा मारायचा कार्यक्रम करायला लागला. म्हणजे डिस्क जॉकी! ज्या धंद्याने बँड मारला म्हणून कोर्टात गेला त्याच खुर्चीत जाऊन बसला.

तारीख_पे_तारीख

हे मला माहीत नव्हतं. आमच्यात याला तडजोड म्हणतात.

चहाबाज

आणि तो क्राफ्टचा कार्यक्रम पुढे कोणाकडे गेला माहितीये का, १९३६ च्या सुरुवातीपासून बिंग क्रॉस्बीकडे. कोठडीतून येऊन शूटिंग करणारा पोरगा मालकाच्या जागेवर.

सुरमई

एवढं वाचून राहवेना म्हणून लिहिते, नेहमी वाचनमात्र असते. कृष्णवर्णीय जॅझ गायिका बिली हॉलिडेचं १९४२ चं एक रेकॉर्डिंग व्हाइटमनच्या बँडबरोबर आहे, कॅपिटल कंपनीसाठी. तिचा करार दुसरीकडे होता म्हणून लेबलवर नाव नुसतं लेडी डे. बावन्न वर्षांचा हा आणि सत्तावीसची ती. तोवर याचा जमाना संपलेला होता आणि बँड चक्क अंग चोरून वाजवतोय, तिला जागा देतोय. कडूजहर, तुम्ही हे ऐका. मी दादांच्या बाजूची आहे, दुसरा शब्द शोधायला हवा.

कडूजहर

ऐकलं, दोनदा. राजा म्हणणार नाही तो नाहीच. पण दलाल शब्द मागे घेतो. तबकडीवेडा, आता एवढं सांगा की ऱ्हॅप्सडी कोणती ऐकायची, नेटवर पन्नास आहेत.

तबकडीवेडा

दोनच ऐका, दोन्ही याच्याच बँडच्या. पहिली जून १९२४ ची, मायक्रोफोन यायच्या आधीची. सगळी माणसं एका पत्र्याच्या कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसवून केलेली, गर्श्विन स्वतः पियानोवर, आणि जांभई खुद्द गॉर्मनची. तबकडीच्या दोन बाजूंत बसवायचं म्हणून कापाकापी करून नऊ मिनिटांत उरकलंय, लगीनघाईत वाजवल्यासारखं, पण तीच मजा आहे. दुसरी एप्रिल १९२७ ची, मायक्रोफोनवरची, आवाज स्वच्छ. तिथे लयीवरून गर्श्विन आणि व्हाइटमनचं वाजलं, व्हाइटमन निघून गेला आणि नॅथॅनियल शिल्क्रेटने काठी हातात घेतली. लेबलवर नाव तरी व्हाइटमनचंच!

भाच्याला दोन्ही ऐकवल्या. त्याला पहिली आवडली, म्हणे यात चुकायची भीती ऐकू येते. आणि सरांना न सांगता गच्चीवर जाऊन प्रयत्न करतोय, खालच्या मजल्यावरच्या आजींनी काल विचारलं मांजर अडकलंय का वर.